काल बसवलेला झिरो आज हलला? नॉब फिरवण्याआधी हे बघा

एअर रायफलीच्या स्कोपमधून (वर बसवलेल्या दुर्बिणीतून) धरलेला नेम आणि छर्रा पडायची जागा जुळवणं म्हणजे झिरो करणं; त्यासाठी स्कोपवर फिरवायचा असतो तो नॉब. आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमची रायफल कुठल्या रांगेत उभी आहे ते कळेल.

पाच छर्रे मारले आणि पाचही बशीभर पसरले, पण त्यांचा मध्य रोज साधारण तिथंच राहतो. किंवा पाचही एका नाण्याखाली झाकतील इतके जवळ, पण बुल, म्हणजे टार्गेटचा मध्य, सोडून भलतीकडं. किंवा काल मधोमध, आज सेंटिमीटरभर बाजूला, रविवारी आणखी तिकडंच. किंवा तीन छर्रे एका जागी आणि दोन दुसऱ्या जागी, जणू दोघांनी मिळून मारलेत. काहींचे छर्रे उभ्या ओळीत पडतात. काहींची रायफल १० मीटरवर डावीकडं आणि २५ मीटरवर उजवीकडं मारते. आणि शेवटचं, सगळ्यात जास्त चिडवणारं: नॉब चार क्लिक (खटके) फिरवला तर काहीच होत नाही, आणखी दोन फिरवले की छर्रा एकदम उडी मारून पलीकडं.

यातलं दुसरं लक्षण, म्हणजे आवळलेला पण सरकलेला ग्रुप (छर्ऱ्यांचा पुंजका), हा दोष नाहीच. त्याला झिरो करणं बाकी आहे इतकंच. बाकी सगळ्यांत नॉबला हात लावायचा नाही.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं काम आहे. दिवसा जॉब, संध्याकाळी लोक पोत्यात गुंडाळून एअर रायफली आणतात. बहुतेक स्प्रिंगच्या, नळी मोडून भरायच्या, ४.५ मिलिमीटरच्या. वाक्य ठरलेलं असतं: "स्कोपच गंडलाय बघा." स्कोप क्वचितच गंडलेला असतो.

खोक्यावर 'हंटिंग' छापलेलं असतं म्हणून ती शिकारीची रायफल होत नाही. आपल्याकडं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे. रानडुक्कर, ससा, मोर, पोपट, कशावरही नेम धरायचा नाही. रानातला गवा उसात शिरला तर फोन वनखात्याला करायचा. छर्ऱ्यानं मारायचं ते कागदाला, फार तर रिकाम्या डब्याला. पाखरांसाठी म्हणून कोणी रायफल आणली तर मी ती उघडतही नाही.

जागेचंही आधीच बघा. मी पावसाळ्यात बंद असलेलं एक गुऱ्हाळघर वापरतो, आत २० मीटर सरळ मिळतात. टार्गेटमागं वाळूची पोती, दोन थर. दगडी भिंत किंवा सरळ उभा पत्रा नको, छर्रा उलटून येतो. डोळ्यांना चष्मा लावायचा. छर्रे शिशाचे असतात, त्यामुळं त्याच हातानं तंबाखू मळायची नाही, आधी साबणानं हात धुवायचे.

पहिली तपासणी फुकटची: हात

स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का इतर रायफलींसारखा नसतो. चाप ओढला की आतला पिस्टन पुढं सुटतो आणि रायफल मागं येते. पिस्टन हवेवर आपटून थांबतो तेव्हा रायफल पुढं झटका खाते. या हालचालींच्या काळात छर्रा अजून नळीतच असतो. म्हणजे त्या क्षणी रायफल कशावर टेकली आहे आणि तुम्ही ती किती दाबून धरली आहे, त्यावर छर्रा कुठं जाणार ते ठरतं.

म्हणून नवखा माणूस रायफल विटेवर किंवा टेबलाच्या कडेवर ठेवून, खांद्यात घट्ट रोवून मारतो तेव्हा सगळ्यात वाईट ग्रुप येतो. त्याला वाटतं आपण रायफल पक्की धरली. प्रत्यक्षात ती प्रत्येक वेळी वेगळ्या जोरानं उडालेली असते. वाळूची पिशवी घ्या, तिच्यावर तळहात ठेवा, तळहातावर दस्ता अलगद ठेवा. आवळायचं नाही. प्रत्येक वेळी दस्त्याखाली हात त्याच जागी हवा, त्यासाठी मी खडूनं खूण करतो. खांद्याला नुसता टेकवायचा. छर्रा सुटल्यावरही क्षणभर स्कोपमधून बघत राहायचं, मान वर काढायची घाई नको.

या एका बदलानं बशीएवढा ग्रुप रुपयाएवढा झालेला मी कितीदा पाहिला आहे. ज्याची रायफल असते तो मात्र जरा नाराज होतो, कारण काहीतरी मोडलंय असं ऐकायची त्याची तयारी असते.

छर्रे उभ्या ओळीत पडत असतील तर श्वासही बघा. श्वास घेताना खांदा वर जातो आणि नळीचं टोक खाली. अर्धा श्वास सोडून थांबा आणि मारा.

इथंच लोक विचारतात, "मोठा स्कोप घेऊ का?" तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिचला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून मारायच्या प्रकारात) जागतिक विजेतेपद जिंकलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकाराचं) कांस्य आणलं. दोघांच्याही रायफलीवर दुर्बीण नव्हती, त्या स्पर्धेत ती चालतच नाही. स्कोपनं फक्त मोठं दिसतं. हात हलत असेल तर तोही मोठाच दिसतो.

दुसरी: स्क्रू

एका ॲलन कीची किंमत. दस्ता आणि लोखंड जोडणारे स्क्रू बघा, बहुतेक रायफलींत पुढं दोन बाजूंना आणि खाली ट्रिगर गार्डजवळ. दर छर्ऱ्यागणिक ही रायफल दोन्ही बाजूंनी हादरते, त्यामुळं हे स्क्रू ढिले होणं हा दोष नाही, त्यांचा स्वभावच आहे. आणि आपल्याकडं लाकडी दस्ता पावसाळ्यात ओल धरून फुगतो, मार्च-एप्रिलला आकसतो. जुलैत घट्ट वाटलेला स्क्रू उन्हाळ्यात बोटानं फिरतो.

दोन वेगळे ग्रुप पडत असतील तर माझा पहिला संशय इथं. दस्त्यात लोखंड दोन जागी बसतं, कधी या, कधी त्या. गडहिंग्लजकडचे एक काका तीन स्कोप बदलून आले होते. दुकानदारानं दोनदा बदलून दिला, तिसरा त्यांनी पदरचे पैसे घालून घेतला. पुढचा डावा स्क्रू दीड फेरा ढिला होता. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग चहा सांगितला.

स्क्रू काढा, तेल पुसा, निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या डिंकाचा) एक थेंब लावा, बसवा. लाकूड चिरडेपर्यंत आवळू नका. लाल थ्रेडलॉक लावू नका, पुन्हा काढताना मला शिव्या येतात.

तिसरी: छर्रे

एकाच डब्यातले छर्रे वापरा. हे सांगावं लागतं, कारण खिशात तीन डब्यांतले उरलेले छर्रे एकत्र घेऊन लोक झिरो करायला बसतात. वजन बदललं की वेग बदलतो, वेग बदलला की छर्रा वरखाली. डोकं ४.५० चं आणि ४.५२ चं असलं तरी नळीतला बसण्याचा दाब बदलतो. मागचा घेर चेपलेला असेल तो बाजूला ठेवा. दोन-तीन प्रकारचे छोटे डबे आणून प्रत्येकाचे पाच-पाच मारून बघा. कुठला छर्रा आवडतो ते प्रत्येक नळी स्वतः ठरवते, महागडाच आवडेल असं नाही.

नळी मोडून छर्रा भरताना दुसऱ्या हातानं नळी धरून ठेवा. चुकून चाप सुटला तर नळी बोटांवर मिटते.

चौथी: स्कोप काढून टाका

फुकट आहे, फक्त अर्धा तास जातो, आणि नेमकी हीच तपासणी लोक करत नाहीत. रायफलीवर नेम धरायची माशी (नळीच्या टोकावरचा उंचवटा) आणि मागची खाच असेल तर स्कोप उतरवा आणि तसेच दहा छर्रे १० मीटरवर मारा. ग्रुप आवळलेला आला तर नळी, दस्ता, हात सगळे निर्दोष; चोर स्कोप किंवा माउंट (स्कोप रायफलीवर धरणारी पकड). तसाच पसरला तर स्कोपला दोष देणं बंद करा आणि वर परत जा. पुढची सगळी शोधाशोध अर्धी होते.

पाचवी: माउंट सरकतो का

रोज थोडं थोडं एकाच बाजूला जाणाऱ्या झिरोचं हे नेहमीचं कारण. रायफल पुढं झटका खाते तेव्हा स्कोप जागेवर राहायला बघतो, म्हणजे रेलवर (माउंट बसतो त्या रायफलीवरच्या खाचेच्या पट्टीवर) तो हळूहळू मागं सरकतो. डोळ्याला दिसत नाही इतका. घरातलं नेलपॉलिश घ्या, माउंट आणि रेल यांच्या सांध्यावर एक रेघ ओढा. दुसरी रेघ रिंग (स्कोप आवळणारं माउंटचं कडं) आणि स्कोपच्या नळीवर. पन्नास छर्रे मारा. रेघ तुटली तर उत्तर मिळालं.

उपाय: माउंट उतरवा, रेलची खाच स्पिरिटनं पुसून तेल पूर्ण काढा. रायफलीच्या रेलवर मागच्या बाजूला पिनसाठी भोक असेल तर माउंटची स्टॉप पिन त्यात बसली पाहिजे. बऱ्याच माउंटला ती असते आणि बऱ्याच लोकांनी ती आत ढकलून ठेवलेली असते. दोन सुट्या रिंगांपेक्षा एकसंध माउंट स्प्रिंगच्या रायफलीला बरा. रिंगांचे स्क्रू गाडीच्या चाकाच्या नटांसारखे तिरपे-तिरपे, थोडे-थोडे आवळा. सगळा जोर एकाच बाजूला दिला तर स्कोपची नळी चेपते आणि मग खरंच नवा स्कोप लागतो.

सहावी: ओळंबा

१० मीटरवर डावीकडं आणि २५ वर उजवीकडं मारणाऱ्या रायफलीचा स्कोप वाकडा बसलेला असतो. गवंड्याकडून ओळंबा आणा, टार्गेटच्या जागी लटकवा. रायफल सरळ धरून स्कोपमधली उभी रेघ त्या दोरीवर बसवा आणि मग रिंगा आवळा. नुसत्या नजरेनं सरळ वाटणारा क्रॉस (स्कोपमधली फुली) बहुतेक वेळा खांद्याकडं कललेला निघतो. कारण साधं आहे: छर्रा खाली पडतो तो जमिनीकडं, आणि तुम्ही वर चढवता ते स्कोपच्या रेघेनं. दोन्ही एका रेषेत नसतील तर अंतर बदललं की छर्रा बाजूला जाणारच.

याच बैठकीत पॅरालॅक्स बघून घ्या. रायफल पिशव्यांवर पक्की ठेवा, हात न लावता फक्त डोकं डावी-उजवीकडं हलवा. क्रॉस टार्गेटवर फिरताना दिसला तर तुमच्या डोळ्याची जागा बदलली की नेम बदलतो. बंदुकीसाठी बनवलेले बरेच स्कोप १०० यार्डांसाठी जुळवलेले असतात आणि आपण मारतो १०-२० मीटरवर. पुढं किंवा बाजूला अंतराची रिंग असेल तर ती फिरवून क्रॉस स्थिर करा. नसेल तर गाल दस्त्यावर दर वेळी नेमका त्याच जागी टेकवणं एवढंच हातात आहे. चित्राच्या कडेला काळी कोर दिसली की गाल हलला.

आता नॉब

ग्रुप आवळला असेल तरच इथपर्यंत या. मी सुरुवातीला हे उलटं केलं होतं. एक छर्रा डावीकडं गेला की चार क्लिक उजवीकडं, पुढचा उजवीकडं गेला की परत डावीकडं. अख्खा डबा संपला आणि शेवटी नॉब जिथं होता तिथंच आला. एका छर्ऱ्यावरून काही ठरत नाही. पाच मारा, त्यांचा मध्य काढा, मग मोजा.

हिशेब असा. बहुतेक स्कोपवर एका क्लिकला १०० यार्डांवर पाव इंच लिहिलेलं असतं. त्याचं १० मीटरवर होतं सुमारे ०.७ मिलिमीटर, २० मीटरवर सुमारे दीड मिलिमीटर. म्हणजे १० मीटरवर १ सेंटिमीटर हलवायला साधारण १४ क्लिक, २० मीटरवर ७. नवखा माणूस दोन क्लिक फिरवतो, कागदावर दीड मिलिमीटर हलतं, ते दिसत नाही, आणि तो म्हणतो नॉब काम करत नाही.

पहिल्यांदा १० मीटरवर कागदावर आणा, पण मधोमध नको. स्कोप नळीच्या वर साधारण ४-५ सेंटिमीटर असतो, छर्रा खालून निघून नजरेच्या रेषेला जाऊन मिळतो. सेकंदाला २०० मीटरच्या आसपास वेगाच्या रायफलीला २० मीटरवर झिरो केलं तर १० मीटरवर ती जवळपास सेंटिमीटरभर खालीच मारते. ते बरोबर आहे. तेवढं खाली ठेवून २० मीटरवर जा आणि तिथं शेवटचं जुळवा. नॉब फिरवल्यावर पहिले दोन छर्रे हिशेबात धरू नका, आतली यंत्रणा धक्क्यानं जागेवर बसते.

आणि हा नॉबचा खरा दोष, जो उडी मारणाऱ्या लक्षणामागं असतो. नळी मोडायच्या बऱ्याच रायफलींची नळी किंचित खाली झुकलेली असते. ते भरून काढायला लोक वर चढवत चढवत नॉब शेवटपर्यंत नेतात. स्कोपच्या आत क्रॉस धरणारी एक छोटी नळी असते, तिला एका बाजूनं नॉबचा स्क्रू दाबतो आणि दुसऱ्या बाजूनं स्प्रिंग. नॉब टोकाला गेला की स्प्रिंगचा ताण संपतो, ती नळी सैल होते आणि धक्क्यागणिक वेगळ्या जागी बसते. मग झिरो रोज नवा. नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजत फिरवा, निम्म्यावर आणून ठेवा. उरलेली उंची मागच्या रिंगखाली कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी घालून भरा. एक किंवा दोन पट्ट्या, त्याहून जास्त नाही, नाहीतर स्कोपची नळी वाकते. त्यापुढं झुकावासाठी बनवलेला माउंटच घ्यावा.

यानंतरही शंका असेल तर चौकोन करून बघा. पाच छर्रे, मग २० क्लिक उजवीकडं आणि पाच, २० वर आणि पाच, २० डावीकडं आणि पाच, २० खाली आणि पाच. नेम सगळीकडं त्याच ठिपक्यावर. शेवटचा ग्रुप पहिल्यावर येऊन बसला पाहिजे. २० मीटरवर चौकोनाची बाजू सुमारे ३ सेंटिमीटर. बसला नाही, चौकोन वाकडा आला, तर आता म्हणा स्कोप गंडलाय. मित्राचा चांगला स्कोप तासभर लावून खात्री करा आणि मगच पैसे घाला. घेताना स्प्रिंगच्या एअर रायफलीसाठी चालतो असं स्पष्ट लिहिलेला घ्या. मोठ्या बंदुकीचे भारी स्कोपही या पुढच्या झटक्यानं आतून सुटतात, कारण ते मागच्या धक्क्यासाठी बनवलेले असतात.

शेवटची तपासणी जी तुम्ही घरी करू शकता

नळी मिटल्यावर टोक धरून हलक्या हातानं डावी-उजवीकडं हलवा. खटखट जाणवली तर बिजागरीचा बोल्ट ढिला आहे. मग नळीच्या सांध्यावर टिश्यू पेपरची पातळ पट्टी ठेवून कागदावर छर्रा मारा. पट्टी उडाली तर वायसर गळतोय. हवा दर वेळी वेगळी गळते, म्हणून छर्रे उभ्या ओळीत. वायसर बदलणं सोपं आणि स्वस्त आहे, जमत असेल तर करा.

तेल मात्र घालू नका. सांध्याच्या भोकातून आत शिलाई मशीनचं तेल सोडणारे, खोबरेल सोडणारे, सगळे बघितलेत. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती तापून तेल पेट घेतं, डिझेल इंजिनसारखं. धूर निघतो, मोठा आवाज येतो, आणि पोरांना वाटतं रायफल जोरदार झाली. सील जळतं आणि स्प्रिंग तुटते. छर्रा न भरता चाप ओढणंही तसंच, पिस्टनला थांबवायला हवेची गादीच मिळत नाही.

इथं थांबा

आतली स्प्रिंग स्वतः काढू नका. ती रायफल न भरलेली असतानाही दाबलेलीच असते आणि मागची पिन निघाली की तोंडावर येते. मी ती लेथवर बनवलेल्या शिकंज्याशिवाय उघडत नाही, आणि तेव्हाही तोंड बाजूला ठेवतो. ट्रिगर आपोआप सुटत असेल, भरल्यावर अडकत नसेल, तर एकही छर्रा न मारता दुरुस्तीला द्या. नळी वाकलेली वाटली तर गुडघ्यावर सरळ करायला जाऊ नका. स्कोपच्या आत धुकं किंवा तुकडा हलताना दिसला तर तो उघडायचा नाही.

आणि हे सगळं परवाना न लागणाऱ्या एअर रायफलीबद्दल आहे. .२२ असो, .३१५ असो, परवान्याचं हत्यार असेल तर ते परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडं आणि मान्यताप्राप्त रेंजवरच. गुऱ्हाळघरात नाही आणि माझ्याकडंही नाही.

रायफल निर्दोष निघाली आणि ग्रुप तरी आवळत नसेल तर दुधाळीच्या रेंजवर जाऊन कुणा जाणत्याला अर्धा तास तुमच्या मागं उभं करा. तुमचा चाप ओढताना अंगठा आवळतो, की डोळा मिटतो, ते तुम्हाला दिसत नाही, त्याला दिसतं.

माझ्याकडं येणार असाल तर पाच-पाच छर्ऱ्यांचे तीन कागद सोबत आणा, वेगवेगळ्या दिवशी मारलेले, मागं तारीख, अंतर आणि छर्ऱ्याचं नाव लिहून. रायफल पोत्यातून काढायच्या आधी मला ते बघायचे असतात.